संभाजी ऑपरेटरची मुकी रिळं

संभाजी ऑपरेटरने आयुष्यात अकरा रिळं काढली. अकरावं रीळ लोकांना दाखवलं त्या दिवसानंतर त्याने कॅमेऱ्याला पुन्हा चावी दिली नाही. हैदराबादेतल्या जुन्या मराठी मंडळींना त्या रविवारचं विचारलंत तर त्यांना जिलबी आठवते, निरोपाची भाषणं आठवतात. बाकीचं आठवत नाही, की आठवायचं नाही, ते त्यांनाच ठाऊक. म्हणून इथे लिहून ठेवलेलं बरं.

संभाजी परभणीकडचा, गावकुसाबाहेरचा. बाराव्या वर्षी काचीगुडा स्टेशनावर उतरला तो पोटासाठी. आधी खांद्यावर शिडी टाकून सिनेमाची पोस्टरं चिकटवली, मग एका टॉकीजच्या मशीनघरात शिरला. तिथे मस्तानसाब नावाचे म्हातारे ऑपरेटर होते. त्यांनी त्याला हात धरून मशीन शिकवलं. "मियाँ, कार्बन पे नजर रक्खो, परदा नक्को देखो. परदा देखने कू पब्लिक है," असं ते दहादा बजावायचे. संभाजीने कार्बनवर, म्हणजे दिव्यातल्या जळत्या कांड्यांवर, नजर ठेवली आणि पडदाही पाहिला. शाळेचं तोंड त्याने पाहिलं नव्हतं. अक्षरं पोस्टरांवरून शिकला, आधी उर्दू, मग मराठी. पुढे ज्यांना मॅट्रिकचा मोठा तोरा होता असल्या चारचौघांच्या चुका तो काढायचा, आणि अजिबात लाजायचा नाही.

पोलीस ॲक्शननंतर जहागिरी गेल्या. नवाबांच्या देवड्यांमधलं, म्हणजे वाड्यांमधलं, सामान जुम्मेरात बाजारात येऊन पडू लागलं. हुक्के, फुटकी झुंबरं, तलवारीच्या रिकाम्या म्यानी. त्या ढिगात संभाजीला एक काळी डबी दिसली. विकणाऱ्याने चावी पिळून पाहिली होती, डबी घरघरत होती पण काटे काही सापडत नव्हते, म्हणून त्याने ती बिघडलेल्या घड्याळांत टाकून दिली होती. तो कॅमेरा होता. संभाजीने चेहऱ्यावरची माशीही हलू दिली नाही आणि घड्याळाच्या भावात तो उचलला.

एकदा चावी भरली की कॅमेरा अर्धा मिनिट चालायचा. मग थांबून पुन्हा चावी. शंभर फुटांचं रीळ म्हणजे चार मिनिटं, आठ चाव्या. ओळखीचा एक बातमीपटवाला उरलेले फिल्मचे तुकडे द्यायचा, ते धुवायला मुंबईला पाठवायचे. आवाज मात्र पकडायची सोय नव्हती. रिळं सगळी मुकी.

असा कॅमेरा हाती आला तर माणूस लग्नं काढेल, पुढाऱ्यांच्या मिरवणुका काढेल. संभाजीने काढली ती खोलीत एकटी बसलेली पोरं. मराठवाड्यातून शिकायला, नोकरीला आलेली, विशी-बाविशीची. "हॉस्टेलातला रविवार" या रिळात एक पोरगा लोट्यात निखारे घालून सदऱ्याला इस्त्री करतो, सदरा घालतो, कुठेच जात नाही आणि पुन्हा काढून खुंटीला लावतो. "मुल्की" मधला जन्मला सोलापुरात आणि वाढला इथे. नोकरीसाठी मुल्की, म्हणजे इथलाच असल्याचा दाखला लागायचा, तो दाखला गालाशी धरून तो चार मिनिटं बसून राहतो. "पत्र" मधली मुलगी तारनाक्याच्या खोलीत आपणच आपल्याला लिहिलेलं पत्र फोडते.

त्याची एक पद्धत होती. पोरगा असो की पोरगी, त्याला खिडकीपाशी बसवायचा, चावी पिळायचा आणि म्हणायचा, "बोल. जे मनात आहे ते बोल. याला डोळे आहेत, कान नाहीत."

आणि ती बोलायची. आईला सांगितलं नाही ते सांगायची. काही रडायची. पडद्यावर नुसते हलणारे ओठ दिसायचे. रीळ दाखवताना संभाजी मशीन चालू करून पुढे यायचा, पडदा म्हणून टांगलेल्या चादरीच्या बाजूला उभा राहायचा आणि लोकांकडे तोंड करून आपल्या मनाने सांगायचा, हा काय म्हणतो, ती काय म्हणते. खरं कधीच सांगत नसे. ते त्याच्या आणि त्या पोरांच्या मधलं होतं.

छप्पन साल उजाडलं तसं शहरात ज्याच्या त्याच्या तोंडी एकच प्रश्न आला. तू कुठला? एक नोव्हेंबरला हैदराबाद स्टेटचे तीन तुकडे व्हायचे होते. मराठी बोलणारा भाग मुंबईकडे, कानडी म्हैसूरकडे, उरलेला आंध्राकडे. कचेऱ्यांतून याद्या निघत होत्या, कोण जाणार, कोण राहणार. इराण्याच्या हॉटेलात एका टेबलावर बसून वर्षानुवर्षं चहा प्यायलेली माणसं आता एकमेकांचं आडनाव ऐकताना कान टवकारू लागली. आडनावानंतर गाव, गावानंतर आळी. जात कोणी उघड विचारत नव्हतं. विचारायची गरजच राहत नव्हती.

त्या याद्या टाइप करणाऱ्यांत एक पंचफुला होती. नांदेड जिल्ह्यातली, भागूबाईची लेक, महारवाड्यातली. संभाजीच्या दूरच्या नात्यातली, त्याला संभादादा म्हणायची. बोटं अशी चालायची की साहेब लोक उठून बघायला यायचे. सरकारी कागदावर ती पंचफुलाच होती. पण काचीगुड्याजवळ चप्पल बाजारातल्या ज्या गल्लीत ती राहायची, तिथे ती पद्मावती देशमुख होती. सात घरांच्या पायऱ्या झिजवल्या होत्या तिने खऱ्या नावाने. आठव्या घरी नाव बदललं आणि खोली मिळाली.

आठवं घर इंदुताईंचं. यजमान लक्ष्मणराव तहसिलीत पेशकार होते, ते वारले. मूल नाही. विषमज्वरात इंदुताईंचे दोन्ही कान गेले, त्याला तीस वर्षं झाली. स्वतःचा आवाज ऐकू येत नसल्यामुळे त्या इतक्या मोठ्याने बोलायच्या की साधं "मीठ संपलं" म्हटलं तरी गल्लीला कळायचं.

"बहिरी घरमालकीण मिळायला नशीब लागतं, संभादादा," पंचफुला हसून म्हणायची. "मी भाकऱ्या थापताना भीमाची गाणी म्हणते. बाईला पत्ता नाही!"

"गल्लीला आहेत ना कान?"

"हळू म्हणते रे. ओठातल्या ओठात."

त्याच गल्लीत आदल्या वर्षी एका शिपायाची जात कळली होती. दुपारपर्यंत त्याचं सामान रस्त्यावर होतं, आणि त्याच्या बायकोच्या कपाळाला चार टाके पडले होते. दगड कोणी मारला ते कोणी पाहिलं नव्हतं. भर दिवसा, नळावर वीस बाया असताना, कोणीही पाहिलं नव्हतं. म्हणून पंचफुलाला एकच गोष्ट सांभाळायची होती, ते नाव. आपल्याला इथेच ठेवावं असा अर्ज तिने कचेरीत दिला होता. नांदेडला गेली तर पहिल्याच दिवशी तिला ओळखणार होते. आणि इथे राहायचं तर एकट्या मुलीला दुसरी खोली कोण देणार होतं?

तिचं रीळ संभाजीने जूनमध्ये काढलं, इंदुताईंच्याच घरात, तिच्या खोलीच्या खिडकीपाशी. नाव ठेवलं "एक मुलगी, एक खिडकी". सात चाव्या ती इकडचंतिकडचं बोलली, आईचं, मशीनचं, साहेबांचं. सहाव्या चावीला ढग सरकला आणि पत्र्यावरून परतलेला उजेड तिच्या गालावर आला. असा उजेड त्याला दहा रिळांत मिळाला नव्हता. आठव्या चावीला ती सरळ कॅमेऱ्यात बघून म्हणाली, "मी पद्मावती नाही. मी पंचफुला. भागूबाईची पंचफुला. महाराची." आणि जीभ काढून दाखवली.

ऑक्टोबरात मराठी मंडळाने निरोप समारंभ ठरवला. जाणाऱ्यांचा सत्कार, जेवण आणि "आपल्या तरुणांची चलच्चित्रे". मंडळाचे चिटणीस नामदेवराव स्वतः मशीनघराचा जिना चढून संभाजीकडे आले. ज्याला त्यांनी कधी मंडळाची वर्गणीही मागितली नव्हती त्याला "संभाजीराव" म्हणाले. संभाजी फुगला. का फुगू नये? पण तो आधी पंचफुलाकडे गेला.

"तुझं दाखवू का?"

ती खळखळून हसली. "दाखव की! सगळं मंडळ समोर बसेल, मी त्यांच्या तोंडावर माझं नाव सांगेन आणि एकालाही ऐकू येणार नाही. असली मजा पुन्हा कधी मिळणार? तू काय सांगशील मी काय बोलते म्हणून?"

"गावच्या जत्रेचं सांगेन."

"सांग. आणि जिलबी आण माझ्यासाठी. मला त्या दिवशी याद्या आहेत, रविवार असून."

दसरा नुकताच झाला होता. संभाजीच्या वस्तीतली अर्धी माणसं नागपूरला बौद्ध धम्माची दीक्षा घेऊन परतली होती. पंचफुलाला याद्यांमुळे जाता आलं नव्हतं, ते तिला आतून टोचत होतं. कदाचित म्हणूनही ती इतकी हसली असेल.

तो रविवार आला. जेवणं झाली. हॉलच्या खिडक्यांना घोंगड्या लावल्या, भर दुपारी अंधार केला. संभाजीने मशीनमध्ये रीळ ओवलं आणि वर पाहिलं, तर पहिल्या रांगेत मधोमध इंदुताई.

"ह्या कशा आल्या?" त्याने नामदेवरावांना विचारलं.

नामदेवराव हसले. "भाषणाला, कीर्तनाला कधी येत नाहीत. आज स्वतःहून आल्या."

त्यांचं बोलणं इंदुताईंनी लांबूनच पाहिलं आणि अख्ख्या हॉलला ऐकू जाईल असं म्हणाल्या, "आवाज नाही म्हणे तुझ्या सिनेमाला! म्हटलं, आज सगळेच बहिरे. आज मी सगळ्यांच्या बरोबरीची!"

लोक हसले. संभाजीही हसला. नामदेवराव तर कुजबुजत बोलले होते, मग पंधरा हातांवरून बाईंना काय कळलं, हा विचार त्याच्या मनात येऊन गेला. पण लोक वाट बघत होते.

आधी "हॉस्टेलातला रविवार" झालं. टाळ्या पडल्या. मग "एक मुलगी, एक खिडकी". मशीन चालू करून तो पुढे आला, चादरीच्या बाजूला उभा राहिला. "अय्या, आपली पद्मा!" बायका चित्कारल्या. त्याने जत्रा सुरू केली. ही मुलगी म्हणते, आमच्या गावच्या जत्रेत पाळणे येतात, रेवड्या येतात. लोक रंगले.

तिसऱ्या चावीच्या सुमारास त्याची नजर पहिल्या रांगेवर गेली आणि तोंडातला पाळणा तोंडातच राहिला. चादरीवरचा उजेड इंदुताईंच्या चेहऱ्यावर पडला होता. त्यांचे ओठ हलत होते. पडद्यावर पंचफुलाचे ओठ जसे हलत होते, बरोबर तसेच, अर्धा श्वास मागून. पंचफुलाने "आई" म्हटलं, इंदुताईंच्या ओठांनी "आई" केलं. त्याच्या जत्रेकडे त्यांचं लक्षच नव्हतं. साऱ्या हॉलमध्ये खरा सिनेमा ती एकटी बाई ऐकत होती.

रीळ संभाजीला पाठ होतं. नाव आठव्या चावीला. अजून दोन मिनिटं. कडेकडेने मशीनपाशी जाऊन बटण दाबायचं, बिघडलं म्हणायचं. बस्स, एवढंच काम.

तो गेला नाही.

सहावी चावी यायची होती ना. तो ढग सरकायचा होता. अख्खं मंडळ, ज्यांनी त्याला कधी सतरंजीवर बसवलं नाही ते सारे, श्वास रोखून त्याचं काम बघत होते. तो उजेड एकदा पडू दे, मग बंद करतो, असं त्याने स्वतःला सांगितलं. ढग सरकला. गाल उजळला. मागून कोणीतरी "वाहवा" म्हणालं. संभाजी वळून आपल्याच पडद्याकडे बघत राहिला. पब्लिक झाला.

भानावर आला तेव्हा आठवी चावी सुरू झाली होती. मशीन लांब, मधे माणसं. तो तसाच चादरीच्या पुढे जाऊन उभा राहिला. पंचफुलाचा चेहरा त्याच्या पांढऱ्या सदऱ्यावर पडला. तिचे ओठ त्याच्या छातीवर हलू लागले.

"ए, बाजूला हो!" "अरे डोकं काढ!" गलका झाला. नामदेवरावांनी पुढे होऊन त्याचा दंड धरला आणि मघाचं "संभाजीराव" विसरून ओढला. "सरक म्हणतो ना, गाढवा!"

तो सरकला. पडद्यावर पंचफुला जीभ काढून दाखवत होती. लोक हसले, टाळ्या वाजल्या. इंदुताईंचे ओठ मिटलेले होते. त्यांनी टाळ्या वाजवल्या नाहीत. जाता जाता त्याच्यासमोर थांबल्या, त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाल्या, "छान काढलंस हो!" एवढंच. त्या आवाजाने घोंगड्या हलल्यासारख्या वाटल्या.

चार वाजता तो सचिवालयाच्या फाटकाबाहेर उभा होता. हातात जिलबीचा पुडा, तेल पाझरलेला. पंचफुला बोटं मोडत बाहेर आली आणि त्याचा चेहरा बघून थांबली. त्याने सगळं सांगितलं. एकही गोष्ट लपवली नाही.

"तिला ऐकू येत नाही," ती म्हणाली.

"दिसतं, फुला. तीस वर्षं ती ओठच बघतेय."

पंचफुलाने आपल्या ओठांवर बोट ठेवलं. "पहिल्या दिवशी म्हणाली होती मला, माझ्याकडे बघून बोलत जा. मला वाटलं, म्हातारपणचा हट्ट." मग हळूच म्हणाली, "आणि मी तिच्यासमोर बसून गाणी म्हणायचे. ओठातल्या ओठात."

थोडं चालून झाल्यावर तिने विचारलं, "तुला कधी कळलं?"

"तिसऱ्या चावीला."

"आणि आडवा कधी झालास?"

त्याने पुड्याची सुतळी पुन्हा आवळली.

"बोल ना. तुला तर आवाज आहे."

"आठव्या. मधे तो उजेड..."

"हौ," ती म्हणाली. "गाल माझा, उजेड तुझा." स्टेशनापाशी तिने जिलबीचा पुडा त्याच्या हातून घेतला आणि रस्त्यावरच्या कुत्र्यासमोर उघडून ठेवला.

"आज रात्रीपुरती वस्तीत चल," काचीगुड्याला वळताना तो म्हणाला.

"का? चोरी केलीय? माझी पेटी आहे तिथे. कागद आहेत. बाई काय म्हणते ते तिच्या तोंडून ऐकते, मग बघू."

गल्लीत शिरले तेव्हा नळाला पाणी आलं होतं. घागरींची रांग लागली होती. उन्हं अजून भिंतींवर होती. समोरच्या घरच्या सत्यवतीबाई नळाखाली हंडा धरून कोणाला तरी हॉलमधलं रीळ रंगवून सांगत होत्या. पंचफुलाला बघून म्हणाल्या, "ये गं पद्मा, सिनेमातली नटी झालीस की!" म्हणजे इथपर्यंत काही पोचलं नव्हतं. बाईंनी तोंड उघडलं नव्हतं. संभाजीने तासाभरात पहिल्यांदा पुरता श्वास घेतला.

तेवढ्यात इंदुताई पायरीवर आल्या. पदर खोचलेला, हातात गाळणी. चेहऱ्यावर राग नव्हता, हे संभाजी पुढे जन्मभर सांगत राहिला. उलट नवं काही शिकलेल्या मुलीसारख्या त्या दिसत होत्या. त्यांनी हात उंच केला आणि त्यांच्या मते हळू आवाजात, मायेने हाक मारली, "पंचफुला! अगं पंचफुला, आलीस का? चहा टाकलाय!"

नळावरच्या सगळ्या माना तिकडे वळल्या.

"कोण पंचफुला?" सत्यवतीबाईंनी विचारलं.

इंदुताईंचं तोंड त्यांच्याकडे नव्हतं. त्या पंचफुलाकडेच बघत होत्या आणि तसंच मोठ्याने पुढे म्हणाल्या, "खरं नाव किती गोड आहे तुझं. मला सांगायचं होतंस. मी काय खाल्लं असतं का तुला, महाराची म्हणून?"

सत्यवतीबाईंनी भरत आलेला हंडा नळाखालून काढला आणि रस्त्यावर पालथा केला. रांगेतल्या बायका एक पाऊल मागे सरकल्या. कुठेतरी एक दार लागलं, मग दुसरं.

संभाजीला वाटलं, ही आता म्हणेल, कोण पंचफुला, म्हातारीचं डोकं फिरलंय. म्हटलं असतं तर कदाचित निभावलंही असतं. बहिऱ्या बाईवर कोणी विश्वास ठेवला असता? पंचफुलाने रांगेकडे पाहिलं. पायरीवरच्या बाईकडे पाहिलं. मग ओठ नीट उघडून, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "आले, ताई."

आत इंदुताईंनी तिघांसाठी चहा ओतला. कप तेच, रोजचे, कडेला निळी रेघ असलेले. संभाजीने आयुष्यात पहिल्यांदा असल्या घरात कपातून चहा घेतला, आणि कप दोन्ही हातांनी धरून ठेवला. बाहेर पुरुषांचे आवाज जमत होते, हळू, एकात एक मिसळलेले. कोणीतरी दाराशी येऊन "इंदुताई!" म्हणून दोनदा हाक मारली. इंदुताई दाराकडे पाठ करून बशीत चहा ओतत होत्या.

पहिला दगड पत्र्यावर पडला, गडगडत उताराने आला आणि अंगणात पडला. संभाजीचा कप सांडला. पंचफुलाने मान वर केली नाही. नुसती बोटं टेबलावर ताणली, टाइपरायटरवर ठेवल्यासारखी.

इंदुताईंनी दोघांचे चेहरे पाहिले. "काय झालं?"

"मांजर," पंचफुला म्हणाली. "पत्र्यावर मांजर आलंय."

इंदुताई तिच्या ओठांकडे बघत राहिल्या, बराच वेळ. मग बशी खाली ठेवून उठल्या आणि दाराला आतून आडणा लावला. परत येऊन बसल्या. पंचफुलाची खुर्ची त्यांनी दोन्ही हातांनी खिडकीपासून ओढून आत घेतली.